तुम्ही विचारलंत म्हणून: ठोके परत आले, मग पेशी का मेल्या?

आयसीयूच्या दाराशी हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो. "डॉक्टर, हृदय बंद पडलं होतं, पण थोड्याच मिनिटांत सुरू झालं ना? मग हे डोळे का उघडत नाहीत? आणि तीन दिवस थांबा म्हणता, ते कशासाठी?" उभ्या उभ्या याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून लिहिते आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर घेतं त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. शिल्लक मात्र जवळजवळ काहीच नसते. रक्त थांबलं की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशीतली ऊर्जा संपते. पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात, ते बंद पडतात. सोडियम आत शिरतं, मागोमाग पाणी येतं, पेशी फुगते.

त्याच वेळी ग्लुटामेट बाहेर सांडतं. एरवी शिकणं, लक्षात ठेवणं ज्याच्या जोरावर चालतं तेच हे रसायन. पण एकदम इतकं ओतलं गेलं की शेजारच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि त्यांचीच विकरं (एन्झाइम) त्यांना आतून कुरतडू लागतात.

मग रक्त परत येतं. ते यायलाच हवं, नाहीतर काहीच उरणार नाही. पण आत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका तोवर जखमी झालेल्या असतात, आणि आलेल्या प्राणवायूतून घातक मुक्त कण तयार होतात. सुरू झालेली पडझड लगेच थांबत नाही.

जपानमधले संशोधक ताकाआकी किरिनो यांनी १९८२ साली हे फार स्पष्ट दाखवलं. जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा त्यांनी फक्त ५ मिनिटं अडवला. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या एका पट्ट्यातल्या चेतापेशींत ठळक बदल दिसायला दोन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यातल्या जवळपास सगळ्या नष्ट झाल्या होत्या. पाच मिनिटांचा घाव, चार दिवसांनी मरण! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते.

नव्या आठवणी साठवायला हाच भाग लागतो. म्हणून काही जण शुद्धीवर येतात, घरच्यांना ओळखतात, जुनं सगळं सांगतात, पण सकाळी कोण भेटून गेलं ते त्यांना दुपारी आठवत नाही.

ही पडझड औषधाने रोखता येईल का? ग्लुटामेट अडवणारी औषधं प्राण्यांत चालली, माणसांत अपयशी ठरली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. शरीर थंड करण्यावर २००२ मध्ये मोठी आशा बसली. २०२१ मध्ये १८०० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत मात्र ३३ अंशांपर्यंत थंड केल्याचा, नुसता ताप टाळण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

म्हणून "थांबा" म्हणते. मेंदूतली उलथापालथ अजून चालू असते, झोपेच्या औषधांचा अंमलही उतरायचा असतो. किमान ७२ तासांच्या आत ठाम बोलणं मला अन्यायाचं वाटतं, चांगलं असो वा वाईट. तोवर आम्ही ताप चढू देत नाही, रक्तदाब सांभाळतो, फिटचे झटके येतात का यावर नजर ठेवतो. आणि पुन्हा पुन्हा पापणी उचलून, उजेड टाकून, बाहुली आकसते का ते पाहतो.