कर्ज सोडणारा जेरॉन्टस

१९७८ साली, मी नववीत असताना, शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील न्यायालयाचा प्रवेश मराठीतून सादर केला होता आणि त्यात कर्ज न फिटल्याने अँटोनिओ या ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या अंगचे मांस कापून मागणाऱ्या शायलॉक या ज्यू सावकाराची भूमिका माझ्याकडे होती. मी बुटाच्या तळव्यावर सुरी परजू लागताच हशा पिकला आणि वकिलाच्या वेशात आलेल्या पोर्शियाच्या निकालानंतर ती सुरी माझ्या हातून गळून पडली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आमचा पडदा तिथेच पडला. दुसऱ्या दिवशी तासाला आल्यावर इंग्रजीच्या सरांनी आमचे मनापासून कौतुक केले आणि मग विचारले, “सुरी पडल्यानंतर त्या शायलॉकचे काय होते, हे कोणाला माहीत आहे का?” आम्ही गप्प बसलो. सरांनी मूळ नाटक उघडून पुढचा भाग वाचला. अँटोनिओ दयेच्या बदल्यात अट घालतो की या ज्यूने ताबडतोब ख्रिस्ती व्हावे; शायलॉक ते कबूल करतो, आपल्याला बरे वाटत नाही, जाऊ द्या, एवढेच म्हणतो आणि निघून जातो.

त्याच तासाला सरांनी आम्हाला जेरॉन्टसची गोष्ट सांगितली. रॉबर्ट विल्सन हा लंडनचा नट आणि नाटककार. राणी एलिझाबेथच्या नावाने १५८३ मध्ये उभ्या राहिलेल्या नाटकमंडळीत तो होता. त्याचे ‘द थ्री लेडीज ऑफ लंडन’ हे नाटक १५८४ मध्ये छापले गेले, म्हणजे शायलॉक रंगमंचावर येण्याआधी सुमारे बारा वर्षे. जेरॉन्टस हा तुर्कस्तानात राहणारा ज्यू सावकार. मर्केडोरस नावाच्या इटालियन ख्रिस्ती व्यापाऱ्याने त्याच्याकडून तीन महिन्यांच्या मुदतीने दोन हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, घेतलेले असतात, मुदत संपण्यापूर्वी गोड बोलून आणखी एक हजार उचललेले असतात, आणि मग तो देश सोडून पळालेला असतो. शायलॉकचे कर्जही तीन हजार डुकाटांचे आणि तीन महिन्यांचेच आहे, हे सरांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले होते.

मर्केडोरस पुन्हा तुर्कस्तानात सापडतो आणि खटला उभा राहतो. नाटकातल्या त्या देशाचा कायदा असा की जो परका आपला धर्म, राजा आणि देश सोडून मुसलमान होईल, त्याची सगळी देणी माफ. मर्केडोरस तुर्की वेशातच न्यायालयात येतो आणि धर्म सोडायला तयार होतो. हे पाहून जेरॉन्टस हादरतो. तो आधी व्याज सोडतो, मग अर्धे मुद्दल आणि शेवटी सगळी रक्कम, कारण आपल्या पैशापायी एका माणसाने आपला धर्म टाकला, असे लोकांनी म्हणावे हे त्याला सोसत नाही. कर्ज सुटताच मर्केडोरस आनंदाने ख्रिस्तीच राहतो. त्याला पश्चात्तापाचा लवलेशही शिवत नाही.

दोन्ही न्यायालयांत प्रश्न धर्म सोडण्याचाच आहे. एकात ज्यू दुसऱ्याचा धर्म वाचावा म्हणून स्वतःचे धन सोडतो, तर दुसऱ्यात ज्यूचे धनही जाते आणि धर्मही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: विल्सनने मोडकीतोडकी, हसू आणणारी इंग्रजी ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या तोंडी घातली आहे आणि जेरॉन्टसला मात्र सरळ, स्वच्छ भाषा दिली आहे. प्रेक्षकांनी कोणाला हसावे, हे नाटककार बहुधा भाषेतूनच ठरवतो.

हे सारे अशा देशात लिहिले गेले, जिथून राजा पहिल्या एडवर्डने १२९० मध्ये ज्यूंना हाकलून दिले होते आणि जिथे त्यांना पुन्हा उघडपणे राहता येऊ लागले ते १६५६ च्या सुमारास. पोर्तुगालहून आलेली, वरकरणी ख्रिस्ती म्हणून राहणारी काही मोजकी कुटुंबे लंडनमध्ये होती, इतकेच. त्यांच्यापैकीच एक, राणीचा वैद्य रॉड्रिगो लोपेझ, १५९४ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली फासावर गेला. त्या वर्षी नाटककार ख्रिस्टोफर मार्लोच्या, ज्यू खलनायक असलेल्या ‘द ज्यू ऑफ माल्टा’ला पुन्हा गर्दी लोटली. अशा हवेत शेक्सपिअरने शायलॉकला ‘ज्यूला डोळे नसतात का?’ हा प्रश्न विचारू दिला, आणि त्याहूनही मला हलवून टाकणारी ती अंगठी दिली: त्याच्या मुलीने, जेसिकाने, एका माकडाच्या मोबदल्यात देऊन टाकलेली, लग्नाआधी त्याच्या बायकोने, लीआने, त्याला दिलेली. जेरॉन्टस शायलॉकपेक्षा कितीतरी सज्जन आहे; पण त्याला कोणी लीआ नाही, घर नाही, राग नाही. पुढे १७९४ मध्ये रिचर्ड कंबरलंडने ‘द ज्यू’ या नाटकात शेवा हा परोपकारी सावकार उभा केला, त्यालाही मी याच पंक्तीत बसवतो. नुसत्या चांगुलपणाने पात्राबद्दल आदर वाटतो. शायलॉकची मात्र, तो क्रूर असूनही, आठवण येत राहते.

दहावीच्या वर्षी सरांनी जेरॉन्टसचा प्रवेश स्वतः मराठीत आणला आणि आदल्या वर्षीचा शायलॉक असलेल्या मलाच ती भूमिका दिली. मी उरलेले मुद्दल सोडले तेव्हा कोणी हसले नाही, टाळ्याही पडल्या नाहीत. न्यायाधीश झालेला वर्गमित्र आम्हा दोघांकडे पाहत क्षणभर थांबला आणि काही न बोलता उठून गेला. पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात मूळ नाटक हाती आले, तेव्हा दिसले की तिथे न्यायाधीश गप्प नाही. ज्यू ख्रिस्तीपणात वरचढ होऊ पाहतात आणि ख्रिस्ती ज्यूपणात, असे तो म्हणतो. म्हणजे ज्यूची स्तुती करतानाही ‘ज्यूपण’ हा शब्द त्याने लबाडीच्या अर्थानेच वापरला आहे.

मी सरांना पत्र लिहून विचारले. त्यांचे पोस्टकार्ड आले: “ते वाक्य मी तीनदा भाषांतरित केले होते. तालमीच्या आदल्या रात्री खोडले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते घालणे मला जमले नाही.”