प्रयोग फसला तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असली की चहाच्या वेळी नव्यानं रुजू झालेलं कुणीतरी जवळ येतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "मॅडम, तुम्ही पोरांच्या हातात सामान देता हे ठीक आहे. पण त्यांच्यासमोर प्रयोग फसला तर काय करता?" परवा एका पालकांनीही फोनवर हेच विचारलं. दर वेळी मी "दुसऱ्या दिवशी परत करते" असं सांगून सुटते. ते खरं आहे, पण पुरं नाही. पुरं सांगायचं तर मेणबत्तीपर्यंत यावं लागतं आणि तेवढा चहा कपात नसतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सांगली जिल्ह्यातली, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही एकाच खोलीत, मिळून तेवीस मुलं. प्रयोगशाळा नाही. आमच्याकडे विज्ञान हा वेगळा विषयसुद्धा नाही. पाचवीपर्यंत परिसर अभ्यास, 'सामान्य विज्ञान' सहावीपासून. साहित्याची एक पेटी आहे. मी आले तेव्हा ती फुटतुटीच्या भीतीनं कपाटात कुलूपबंद होती आणि आत उंदराची लेंडकं होती. ती झटकून सामान बाहेर काढलं, ही माझी विज्ञानशिक्षणातली पहिली कामगिरी.

आता फसण्याबद्दल. फसतं, भरपूर फसतं. तपासणीला साहेब आलेले, जुलै महिना, बाहेर झड लागलेली. म्हणाले, "कंगव्याचा प्रयोग घ्या." चौथीतल्या तिघांनी डोक्यावर कंगवे घासघासून कागदाच्या कपट्यांवर धरले, एक कपटा हलेल तर शपथ. आधीच दमट हवा, त्यात पोरांची डोकी खोबरेल तेलानं चपचपीत. कंगव्यावर विद्युतभार साठणार कुठून आणि टिकणार कुठून? साहेबांनी शेऱ्यात काहीतरी लिहिलं. तोच प्रयोग जानेवारीत, सोमवारी घेतला. सोमवारी अशासाठी, की रविवारी न्हाऊन डोकी कोरडी झालेली असतात. कपटे टणाटण उडाले. मग मुलांनीच तेल लावलेलं डोकं आणि कोरडं डोकं असे दोन गट पाडले. साहेब मात्र त्या सोमवारी आले नाहीत.

असं फसणं मला आवडतं, कारण त्याचा माग काढता येतो. हळदीचंही तसंच. आमच्याकडे हळदीला तोटा नाही. जुन्या धोतराच्या चिंध्या हळदीच्या पाण्यात बुडवून खिडकीच्या गजांना वाळत घातल्या आणि प्रत्येकाला घरून साबणाचं पाणी आणायला सांगितलं. हळदीला आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं काही, लागलं की ती लाल होते. शर्टावर पडलेला वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो, तेच हे. सगळ्यांच्या चिंध्या लाल झाल्या, एका मुलाची पिवळीच राहिली. तो रडकुंडीला आला. मी म्हटलं, आणलंयस तरी काय? खिशातून त्यानं शाम्पूची पुडी काढली. घरात साबणाची वडी एकच, ती आईनं दिली नव्हती. फेस दोन्हींना येतो, म्हणून त्याच्या हिशेबी दोन्ही सारखेच. पण शाम्पू सहसा साबणासारखा आम्लारी नसतो.

त्या एका पिवळ्या चिंधीनं आमचे पुढचे चार दिवस खाल्ले. चुलीतली राख आली, पानाच्या डब्यातला चुना आला, खायचा सोडा, चिंचेचं पाणी, ताक, एकानं तर म्हशीचं मूतही आणलं. चुन्यानं गडद लाल, राखेनं लाल, सोड्यानं नुसतंच तांबूस. लाल झालेल्या चिंधीवर लिंबू पिळलं की परत पिवळी. चौथ्या दिवशी एक मुलगी आजीला विचारून आली: पूर्वी कुंकू हळदीपासूनच करायचे, चुना घालून. वर्ग गप्प झाला. मग एका मुलानं विचारलं, "म्हंजी कपाळावर लिंबू चोळलं तर कुंकू पिवळं होईल?" करून बघण्याइतकं धाडस कुणाच्याच आईनं दाखवलं नाही, आणि बाजारातलं आजचं कुंकू बहुधा रंगाचंच असतं, त्यामुळे ते बरंच झालं.

सगळ्या फसण्यात मात्र अशी मजा नसते. सेल उतरलेले असतात, वायर आत तुटलेली असते, दुपारच्या खिचडीनंतर अर्धा वर्ग पेंगत असतो. टॉर्चचे छोटे बल्ब तालुक्याला मिळेनासे झाले, म्हणून दिवाळीच्या माळेतले एलईडी वापरले, तर निम्म्या गटांचे पेटेनात. एलईडीला उलटसुलट चालत नाही हे माझ्या लक्षात यायच्या आत एकीनं पाय फिरवून लावून पाहिले होते. यात सांगण्यासारखं एवढंच.

मुलांच्या हातात सामान देऊन शिकवणं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, हेही सांगायला हवं. शेजारच्या मध्य प्रदेशात, होशंगाबादला, 1972 साली 16 शाळांपासून असं शिकवणं सुरू झालं: खेड्यातली सहावी ते आठवीची मुलं, स्वस्त सामान, चार-चार जणांची टोळी, आणि मुलांनी आधी करायचं, मग बोलायचं. कानपूर आयआयटीत शिकलेले, पुण्याच्या टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 साली तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायला लागले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचा डोंगर उभा केला. तिथे मी एकदा मुलांना घेऊन गेले होते. मुलं खेळणी घेऊन बसली आणि मी आमच्या उकिरड्यावर काय काय पडलेलं असतं ते आठवत बसले. आमच्या गावात व्हॉल्व्ह ट्यूब आता शोधावी लागते, सायकलीच उरल्या नाहीत. तिच्या जागी सलाईनची नळी वापरते.

तर मेणबत्ती.

हा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. परातीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेची बरणी पालथी. ज्योत विझते, पाणी बरणीत चढतं. मी शाळेत असताना आमच्या गुरुजींनी दाखवला होता आणि सांगितलं होतं की ज्योतीनं ऑक्सिजन खाल्ला, त्याची जागा पाण्यानं घेतली. पाणी बरणीच्या पाचव्या भागाइतकं चढतं, कारण हवेत ऑक्सिजन पाचवा भाग. मीही तेच सांगत आले, एक-दोन नव्हे, अकरा वर्षं. आणि हा प्रयोग कधी म्हणजे कधी फसला नाही. पाऊस असो, साहेब असोत, पाणी चढायचंच. पाचवा भाग नेमका कधी मोजला नव्हता, अंदाजानं "हे बघा, साधारण पाचवा" म्हणायचे आणि मुलं मान डोलवायची.

बाराव्या वर्षी चौथीतल्या एका मुलीनं बरणीला रबर चढवलं. पाणी आलं तिथवर खूण. मग म्हणाली, "बाई, तीन मेणबत्त्या लावल्या तर?"

मी म्हटलं, तेवढंच चढेल. बरणी तीच, हवा तीच, मग ऑक्सिजनही तेवढाच. हे मी फार ठामपणे म्हटलं, फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलं. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या डब्यात होत्याच. त्यांचे तीन तुकडे मेणानं परातीला चिकटवले, काडी मी ओढली, बरणी तिनं पालथी घातली.

पाणी रबराच्या वर गेलं. थोडंथोडकं नाही, दोन बोटांच्या जागी चार बोटं.

आता याला फसणं म्हणायचं का? प्रयोग तर झकास झाला होता. फसले होते मी, आणि फळ्यावर माझं वाक्य माझ्याच अक्षरात उभं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. सुट्टीला दहा मिनिटं होती. "उद्या बघू" म्हणाले, आणि त्या दिवशी तरी ते 'दुसऱ्या दिवशी परत करते'वालं नव्हतं, सरळ पळ काढणं होतं.

रात्री घरी ओट्यावर परात मांडली. सासूबाई आतून म्हणाल्या, "लाईट गेली का गं?" पाच वेळा केलं आणि पहिल्यांदाच डोळे उघडून केलं. अकरा वर्षं मी फक्त शेवट बघत होते. पाणी ज्योत जळत असताना जवळजवळ चढतच नाही. ज्योत विझते आणि त्यानंतर ते सरसर वर येतं. ऑक्सिजन संपत जाण्यामुळे चढत असतं तर जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं. दुसरं, बरणी पालथी घालताना कडेखालून बुडबुडे निघतात. आत जागा रिकामी होत असेल तर हवा बाहेर कशाला पडेल?

तापून फुगते म्हणून बाहेर पडते. ज्योतीवर बरणी आणताना आतली हवा तापते, फुगते, काही बाहेर निघून जाते. ज्योत विझली की उरलेली निवते, आक्रसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त आच, जास्त हवा बाहेर, म्हणून जास्त पाणी. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. आणि सगळा तर संपतच नाही. हवेत तो 21 टक्के असतो, तो 16च्या आसपास आला की ज्योत मान टाकते. 'पाचवा भाग' हा निव्वळ योगायोग होता आणि तो मी डोळ्यांच्या अंदाजानं दर वर्षी जुळवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं वाक्य तसंच होतं. मुलांनी पुसू दिलं नव्हतं. मी सांगितलं, हे चुकलंय, माझं चुकलंय, का चुकलंय ते तुम्ही शोधा. बुडबुडे त्यांना पहिल्याच फेरीत दिसले. पुढची युक्ती मात्र माझी होती: ज्योतच नको. बरणी गरम पाण्यानं चांगली विसळली, पाणी ओतून दिलं आणि तशीच वाफाळती परातीत पालथी घातली. मेणबत्ती नाही, जळणं नाही, तरी पाणी चढलं. मग प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी हिसळून, ओतून, बूच घट्ट लावलं. बाटली चिपाडासारखी चेपत गेली तेव्हा तिसरीची मुलं स्वतःचा अभ्यास टाकून येऊन उभी राहिली.

एक मुलगा एवढा वेळ काहीच बोलला नव्हता. तो म्हणाला, "बाई, आज्जी बेंबी सरकल्यावर करती तसंच की." पोट दुखलं की बेंबीवर पणती ठेवून वर तांब्या पालथा घालायचा, पणती विझली की तांब्या पोटाला असा चिकटतो की ओढून निघत नाही. पोट त्यानं थांबतं का, ते आजीलाच ठाऊक. पण तांब्यात कातडी वर ओढली जाते आणि बरणीत पाणी, कारण एकच. हे त्या पोरानं जोडलं. मी तांब्याही पाहिलेला होता आणि बरणीही, माझ्या डोक्यात दोन्ही चाळीस वर्षं वेगवेगळ्या फडताळात होत्या.

म्हणून फसलेल्या प्रयोगाचं मला फारसं भय वाटत नाही. भय वाटतं ते दर वर्षी न चुकता जमणाऱ्याचं. पाठ झालेलं उत्तर आणि जमलेला प्रयोग एकत्र आले की कुणी रबर लावत नाही. आता मी जमलेल्या प्रयोगानंतर एकदा तरी विचारते, यात काय बदलून बघूया? बहुतेक वेळा काही निघत नाही आणि वेळ जातो. परिसर अभ्यासाचे दोन पाठ दर मार्चमध्ये घाईघाईनं उरकते, हेही कबूल करते. पालक म्हणतात, वहीत काही दिसत नाही. खरंच दिसत नाही.

आधीच्या अकरा वर्षांतल्या मुलांचं काय, हे मात्र डोक्यातून जात नव्हतं. त्यातला एक गावातच मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. रिचार्जला गेले तेव्हा त्याला सगळं सांगितलं, अगदी बरणीसकट. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, मला त्यातलं फक्त बोट भाजल्यालं आठवतंय." तेव्हापासून काडी कायम मीच ओढते.

ती रबरवाली मुलगी आता हायस्कूलला आहे, एसटीनं जाते-येते. मागच्या महिन्यात स्टँडवर भेटली. म्हणाली, वर्गात मेणबत्तीचा प्रयोग दाखवला, पाचवा भाग सांगितला. हिनं हात वर करून तीन मेणबत्त्या मागितल्या, तर सर म्हणाले, खाली बस.

"मग?"

"मग बसले. पण बाई, बुडबुडे आले होते."