ग्वांगझो : जुन्या शहराला अधिक वेळ द्यावा

दक्षिण चीनमधील ग्वांगझोला जाणारे बहुतेक पर्यटक आधी ६०० मीटर उंचीच्या कँटन टॉवरकडे धाव घेतात. माझ्या मते तो संध्याकाळी नदीकाठावरून, दिवे लागल्यावर पाहावा आणि दिवसाचा वेळ जुन्या शहराला द्यावा.

सुरुवात नानयुए या प्राचीन राज्याच्या राजाच्या कबरीवरील संग्रहालयापासून करावी. १९८३ मध्ये इमारतीचा पाया खणताना सापडलेली ही कबर इ.स.पू. दुसऱ्या शतकातील राजा चाओ मो याची आहे. रेशमी धाग्यांनी ओवलेल्या जेड या हिरवट मौल्यवान दगडाच्या २,२९१ तुकड्यांचे त्याचे दफनवस्त्र पाहताना पाऊल पुढे निघत नाही. पण त्याच दालनांत इराणी घडणीची चांदीची डबी आणि आफ्रिकी हस्तिदंतही आहेत, आणि हे बंदर दोन हजार वर्षांपूर्वीही समुद्रापलीकडच्या जगाशी जोडलेले होते, हे त्यांवरून स्पष्ट दिसते. जवळच्या युएश्यू उद्यानात १३८० मध्ये बांधलेला चनहाय मनोरा आहे.

चन कुळाचे पूर्वजमंदिर १८९४ मध्ये पूर्ण झाले. सरकारी अधिकारी निवडणाऱ्या शाही परीक्षांसाठी शहरात येणाऱ्या कुळातील मुलांची येथे सोय होत असे. छपरांच्या कण्यांवरील चिनीमातीच्या रंगीत आकृत्या अंगणात उभे राहून सावकाश न्याहाळाव्यात. मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेवर त्याच नावाचे स्थानक आहे.

भारतीयांनी ग्वांगश्याव आणि हुआलिन ही दोन बौद्ध मंदिरे चुकवू नयेत. भारतातून समुद्रमार्गे आलेला बौद्ध भिक्षू बोधिधर्म हुआलिनच्या परिसरात उतरला, अशी तेथील परंपरा सांगते. पुढे मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनीही याच बंदरात कापूस आणि अफूचा व्यापार केला. त्यानंतरच्या काळात ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहतीसाठी वापरले गेलेले शामियान बेट आज वडांच्या सावलीत पायी फिरण्याजोगे आहे.

व्हिसा आधी घ्यावा लागतो. पासपोर्ट सतत जवळ असू द्यावा, कारण संग्रहालयांत प्रवेशासाठी तो मागितला जातो. पैसे देण्यासाठीचे अलीपे किंवा वीचॅट हे अ‍ॅप निघण्यापूर्वीच कार्डाशी जोडून ठेवावे. गुगलचे नकाशे तेथे उपयोगी पडत नाहीत, म्हणून ठिकाणांची चिनी नावे फोनमध्ये साठवून घ्यावीत. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ सुखद असतो, मात्र एप्रिल आणि ऑक्टोबरमधील व्यापारमेळ्याच्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात. शाकाहाऱ्यांनी मंदिरांजवळची उपाहारगृहे शोधावीत.