नॉर्मल आलं ना आता?

"रिपोर्ट नॉर्मल आला ना? मग घे की अजून शिरा!"

मी हात आडवा धरला, तरी मावशीने वाटी भरलीच.

एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा) ६.२ वरून ५.५ वर आलंय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्यावरून मी एक पाऊल मागे आलेय, एवढंच. उतरला आणि विसरलो, असा ताप नाही हा.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत ना भात बंद केला, ना पोळी. फक्त विचारलं, "चहा किती?" पाच कप. "साखर?" प्रत्येकी दोन चमचे. "मग घरी गेल्यावर दिवसभराची साखर एकदा वाटीत काढून बघा."

दहा चमचे! पन्नास ग्रॅमच्या आसपास. ओट्यावरची ती वाटी बघून नवरा म्हणाला, "लाडू करतेयस का?"

पुढचे आठ महिने तसे कंटाळवाणेच. आधी कोशिंबीर, उसळ, मग अर्धी मूद भात. रात्री जेवल्यावर सोसायटीतल्या फेऱ्या. उपासाच्या साबुदाणा खिचडीवरून मात्र बाईंशी चक्क भांडले होते. (हरले.)

आज शिरा दोन चमचे खाल्ला आणि वाटी बाजूला सारली. मावशीचा चेहरा उतरला. "आमच्या हातचं आता गोड लागत नाही," म्हणाली.

चहातली साखर सुटली. पण मावशीला नाही कसं म्हणायचं, हे बाईंना विचारायचं राहूनच गेलं.

तुम्ही काय सांगता हो अशा वेळी?