अश्मीभूत लाकडावरची पुटं: चुना उतरला, गंजाचं काम चालू

अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाच्या या लॉटमधल्या सगळ्यात मोठ्या तुकड्याची एक बाजू मोकळी झाली. पंजाएवढा आडवा छेद आहे, वर पांढरट-करड्या थराचं जाड पुट होतं. ते गेल्यावर खालची वाढीची वलयं लख्ख दिसायला लागली आणि भिंगाखाली पेशींच्या ओळीही कळतात. दुसरी बाजू सध्या मुद्दाम तशीच ठेवली आहे.

पुट कशाचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच खालचं लाकूड कशाचं झालंय हेही. पहिली चाचणी सगळेच करतात: थरावर व्हिनेगरचा थेंब. व्हिनेगर मवाळ असल्याने बुडबुडे नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, म्हणून थर जरासा खरवडून त्या भुकटीवर थेंब टाकायचा आणि भिंगातून बघायचं. बुडबुडे आले की पुट चुन्याचं. दुसरी चाचणी बरेच जण गाळतात. तोच थेंब लाकडाच्या तुटलेल्या कडेवरही टाकून बघा. बहुतेक अश्मीभूत लाकूड सिलिकाचं, म्हणजे क्वार्ट्झसारख्या खनिजाचं असतं, त्याला व्हिनेगरने काही होत नाही. पण काही लाकूड कॅल्साइटचंच, म्हणजे पुटातल्याच चुन्याच्या खनिजाचं झालेलं असतं, आणि ते आम्लात टाकलं की पुटाबरोबर वलयंही जातात. या लॉटमधला एक तपकिरी तुकडा नेमका तसा निघाला, कडेवर थेंब फसफसला. त्याला फक्त कोरडा ब्रश आणि बांबूची काडी. पितळेसारखी चमक दिसणारे, म्हणजे पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलेले तुकडे तर मी पाण्यातही भिजत ठेवत नाही. ओल लागली की पायराइट कुजायला लागतं.

ब्रश नायलॉनचाच. लोखंडी ब्रशने क्वार्ट्झवर ओरखडा उठत नाही हे खरं, कारण खनिजांच्या कठीणतेच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर आहे. पण ब्रशचंच लोखंड झिजून दगडावर करड्या रेघा उमटतात आणि पुढे त्या गंजतात. कॅल्साइट ३ वर असल्यामुळे आम्लाने सैल झालेला थर काडीनेही निघतो.

आम्लाआधी तुकडे साध्या पाण्यात नीट मुरवून घेतले. भेगा आणि छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असली की आम्ल खोल शिरत नाही, काम वरच्यावर होतं. मग व्हिनेगर. सायट्रिक अॅसिड स्वस्त आणि बिनवासाचं आहे, तरी जाड चुन्यासाठी मी व्हिनेगरच घेतो. सायट्रिकने तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही, त्याची पांढरी साय पुन्हा दगडावरच बसते. व्हिनेगरमधून बनणारं कॅल्शियम अॅसिटेट मात्र सहज विरघळतं. बुडबुडे थांबले म्हणजे चुना संपला असं नाही, बऱ्याचदा व्हिनेगरचाच दम संपलेला असतो. ते बदलायचं, मधेमधे ब्रश मारायचा, पुन्हा बुडवायचं. या पायरीला घाई चालत नाही. हायड्रोक्लोरिकने काम झटपट होतं, पण लोह असलेल्या तुकड्यांवर त्याचे पिवळे डाग पडतात, शिवाय वाफा वेगळ्या.

आता गंज. तांबूस-पिवळ्या डागांवर ऑक्झॅलिक अॅसिड उत्तम, पण चुना पूर्ण गेल्यावरच. थोडा कॅल्साइट उरला असेल तर कॅल्शियम ऑक्झॅलेट बनतं, आणि हा पांढरा लेप नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून आधी चुना, मग गंज, हा क्रम मोडायचा नाही. ऑक्झॅलिक विषारी आहे: हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या, आणि स्वयंपाकाचं भांडं कधीच नाही. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. कोणतंही आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे शेवाळासाठी ब्लीच वापरत असाल तर दोन्हींच्या मधे भरपूर धुणं हवं.

नाजूक तुकड्यांसाठी सोडियम डायथायोनाइट, सायट्रेट आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण आहे, वॉलरचं द्रावण म्हणून ते ओळखलं जातं. ते आम्लधर्मी नाही, त्यामुळे कॅल्साइट बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. हवा लागली की त्याचा दम लवकर उतरतो, म्हणून झाकणाचा डबा हवा. वासही उग्र आहे.

गंज किती काढायचा, यावर मात्र माझं मत ठाम आहे. या लाकडातला लाल, पिवळा, तपकिरी रंग लोहामुळेच तर असतो. पार पांढरं होईपर्यंत बुडवून ठेवणाऱ्यांचं गणित मला कळत नाही. वलयांमधली गडद रेघ फिकी पडायला लागली की मी तुकडा बाहेर काढतो. त्यानंतर पाणी बदलत बदलत लांबलचक भिजवण, कारण भेगांतलं आम्ल हळूहळूच बाहेर येतं. पाण्यात बुडवलेला निळा लिटमस कागद सलग निळाच राहिला की मगच वाळवण, तीही सावलीत. ओपलचं (हाही सिलिकाचाच एक प्रकार) झालेलं लाकूड असेल तर उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका. ओपलमध्ये पाणी असतं, भरभर वाळलं तर तडे जातात.

काळ्या मँगनीजच्या डागांवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडं सायट्रिक लावून बघितलं. फेस भरपूर येतो आणि काळेपणा उतरतो. पण झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी असेल तर ती कशाला घालवायची, तो तुकडा तसाच ठेवला.

राहिला फांदीचा तुकडा. त्यावरच्या बारीक चमचमत्या कणांच्या थराला व्हिनेगर, ऑक्झॅलिक काहीच करत नाही. तो क्वार्ट्झ आहे, म्हणजे सिलिकाच. त्याला खाणारं आम्ल हायड्रोफ्लोरिक, आणि ते त्वचेतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं. घरी त्याचं नावही काढायचं नाही. घासून काढावं तर खालचं लाकूडही तेवढंच कठीण, दोन्ही एकदमच झिजणार. त्यामुळे तो थर आता तिथेच राहील. उजेडात फिरवला की चांगला चमकतोही.