डिस्कला कुलूप कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुमच्या लॅपटॉपमध्ये असं आहे तरी काय, की तीन-तीनदा पासवर्ड टाकावा लागतो?" माझ्या शेजारी बसून काम केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी मला हे विचारलं आहे. विंडोज सुरू होण्याआधी मी एक पिन टाकतो, मग नेहमीचा लॉगिन, आणि कामाचा फोल्डर उघडायला एक लांबलचक वाक्य. विचारणाऱ्याच्या मनात कुतूहल असतं आणि थोडी शंकाही असते. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस एवढी कुलपं कशाला लावेल? घाईत असलो की "सवय झाली" म्हणून मी वेळ मारून नेतो. पण प्रश्न चांगला आहे आणि माझं ते उत्तर खरं नाही, म्हणून आज नीट सांगतो.

सात वर्षांपूर्वी माझा जुना लॅपटॉप एका सकाळी सुरू होईना. दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पडदा मात्र काळाच. दुरुस्तीला देण्याआधी आतलं सगळं काढून घ्यावं म्हणून मी मागचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली, यूएसबीच्या डबीत बसवली आणि घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. चार वर्षं रोज टाकत आलो तो पासवर्ड आता विचारला जाणार, म्हणून बोटं कीबोर्डवर तयार होती. पडद्यावर एवढंच आलं, की या फोल्डरची तुम्हाला परवानगी नाही, पुढे जायचं का? मी 'पुढे' दाबलं. हिरवी पट्टी थोडा वेळ सरकत राहिली आणि फोल्डर उघडला. पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो. आईचे तपासणीचे अहवाल होते, वर्षवार लावलेले. बँकेची पत्रं होती. पण मला खरा धक्का बसला तो 'काम' नावाचा फोल्डर बघून. मी हस्तलिखितं संपादित करतो. लोक आपलं अजून कुणालाही न दाखवलेलं लेखन माझ्याकडे पाठवतात. त्या फोल्डरमध्ये एका बाईंनी लिहिलेली, मोडलेल्या संसाराची हकिगत होती. मुलांनासुद्धा अजून वाचायला दिलेली नाही, असं त्यांनी मला पत्रात लिहिलं होतं. ती फाइल माझ्यासमोर दोन क्लिकवर होती. डिस्क हातात असलेल्या कुणाच्याही समोर ती तशीच आली असती, आणि मी तर ती दुसऱ्या दिवशी एका अनोळखी टेबलावर ठेवून येणार होतो.

त्या दिवशी मला उमगलं, की माझ्या डिस्कवर माझं स्वतःचं असं फार थोडं आहे. बहुतेक मजकूर दुसऱ्यांचा आहे आणि विश्वासाने ठेवायला दिलेला आहे. तुम्ही म्हणाल, तुमचं काम वेगळं. मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बघा. घरातल्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती, कुणाचा तरी पगाराचा तक्ता, मैत्रिणीने रात्री दोन वाजता लिहिलेलं पत्र, लहान मुलांचे फोटो. त्यातलं किती तुमच्या एकट्याचं आहे?

आता तांत्रिक बाजू. ती अवघड वाटते, पण मुद्दा साधा आहे. लॉगिनचा पासवर्ड विचारायचं काम विंडोजचं. विंडोज सुरूच केलं नाही तर विचारणार कोण? डिस्क काढून दुसरीकडे जोडा, किंवा तोच लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या सिस्टीमने सुरू करा, फायली जशाच्या तशा वाचता येतात. 'डिलीट'चंही तसंच. फाइल पुसली की सहसा यादीतली नोंद तेवढी जाते, मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून राहू शकतो. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर कोणता तुकडा कुठल्या पेशीत लिहायचा हे डिस्कचा आतला नियंत्रक ठरवतो आणि झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून जागा बदलत राहतो. 'यावरच पुन्हा लिही' असं बाहेरून सांगून उपयोग होईलच याची खात्री नाही. म्हणून माझा आग्रह असतो, की मशीन नवं असताना, त्यात काही साठवण्याच्या आधीच एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराचं कुलूप, चालू करा. नंतरही करता येतं, पण आधी उघडा लिहिलेला मजकूर कुठे शिल्लक असेल ते सांगता येत नाही.

एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवर लिहिताना प्रत्येक तुकडा एका किल्लीने गुंतवायचा आणि वाचताना तिनेच उलगडायचा. हे आपोआप चालतं, आपल्याला जाणवत नाही. आज जवळपास सगळीकडे एईएस ही पद्धत असते. व्हिन्सेंट रायमेन आणि योआन डेमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती तयार केली. अमेरिकेच्या मानक संस्थेने जगभरातून प्रस्ताव मागवले, पंधरा पद्धती स्पर्धेत उतरल्या, तज्ज्ञांनी एकमेकांच्या पद्धती फोडून बघायचा जाहीर प्रयत्न केला आणि २००१ साली ही पद्धत मानक ठरली. मला याच गोष्टीमुळे तिच्यावर भरवसा वाटतो. कुलूप कसं बनलंय हे सगळ्या जगाला माहीत आहे, तरी किल्लीशिवाय ते उघडत नाही. २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायच्या तर ७८ अंकी संख्या लिहावी लागते. कॉम्प्युटर मंदावतो का, हे हमखास विचारलं जातं. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचना असतात, त्यामुळे रोजच्या कामात फरक कळत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर? मॅकवर फाइलव्हॉल्ट आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं. लिनक्समध्ये सिस्टीम टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय असतो, त्यामागे लक्स असतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर मिळतं, आणि होम आवृत्तीत, मशीन त्या योग्यतेचं असेल तर, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाची त्याचीच साधी आवृत्ती असते. अनेक नव्या लॅपटॉपवर ती मालकाच्या नकळत चालू झालेली असते, तेव्हा आधी तिथे जाऊन बघा. मी अख्ख्या डिस्कसाठी बिटलॉकर वापरतो आणि हस्तलिखितांसाठी वेगळी पेटी केली आहे व्हेराक्रिप्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

ही पेटी मला फार आवडते. बाहेरून ती एक मोठी फाइल दिसते. आत नुसते विस्कटलेले बाइट, कुठे नाव नाही, खूण नाही. ती तयार करताना खिडकीत माउस इकडेतिकडे फिरवायला सांगतात, आणि हाताच्या त्या वेड्यावाकड्या हालचालींचीही भर किल्ली बनवताना पडते. पासवर्ड टाकला की पेटी एखाद्या पेनड्राइव्हसारखी नव्या अक्षराने उघडते, बंद केली की पुन्हा ते सगळं विस्कटलेलं. तिचा पूर्वज ट्रूक्रिप्ट. २००४ सालचं ते सॉफ्टवेअर कोणी लिहिलं हे निर्मात्यांनी कधीच उघड केलं नाही, आणि २८ मे २०१४ रोजी, हे आता सुरक्षित समजू नका अशी सूचना लावून ते अचानक बंद झालं. पुढे स्वतंत्र तपासणीत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही. व्हेराक्रिप्ट त्याच्याच मूळ कोडवरून २०१३ पासून वाढत आलं आहे.

पासवर्ड मी फाशांनी निवडतो. ओळखीच्या, टाइप करायला सोप्या १,२९६ मराठी शब्दांची यादी केली आणि त्यांना चार फाशांचे क्रमांक दिले. चार फासे टाकले की एक शब्द, असे सात शब्द. आपण 'मनाला येईल तो' शब्द निवडला की तो इतरांच्याही मनात येतो. फाशांच्या बाबतीत ती भीती नाही. शब्द रोमन अक्षरांत टाइप करतो, म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहिला म्हणून पासवर्ड चुकत नाही. शिवाय व्हेराक्रिप्ट प्रत्येक पासवर्ड किल्लीपर्यंत नेण्याआधी सहसा पाच लाख वेळा दळून काढतं. आपल्याला पेटी उघडायला एक-दोन सेकंद जास्त लागतात, पण अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याला प्रत्येक अंदाजामागे तेवढंच दळण दळावं लागतं.

माझ्याकडून झालेली एक चूकही सांगायला हवी, कारण या कुलपाचा खरा धोका तिथे आहे. तीन वर्षांपूर्वी एका रात्री, काम संपवून झोपेला आलेलो असताना, मी पेटीचा पासवर्ड बदलला. नवे सात शब्द कागदावर लिहिले नाहीत, उद्या लिहू म्हटलं. सकाळी सहा आठवले. सातव्याच्या जागी जे जे सुचेल ते टाकत मी दुपारपर्यंत बसलो. आत चार जणांची हस्तलिखितं होती, त्यातल्या एकावर सहा महिन्यांचं काम झालं होतं. कुणाला फोन करून सांगण्यात अर्थ नव्हता. इथे 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नसतं. ते नाही, म्हणूनच कुलूप खरं आहे.

मी वाचलो ते एका छोट्या फाइलमुळे. पेटी केली तेव्हा मी व्हेराक्रिप्टच्या मेनूतून तिच्या हेडरची, म्हणजे पेटीच्या सुरुवातीच्या छोट्या भागाची, प्रत काढून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली होती. ती परत बसवली आणि जुना पासवर्ड टाकला. पेटी उघडली, कालच्या रात्रीपर्यंतचं काम जसंच्या तसं. हे शक्य झालं कारण मजकूर पासवर्डने गुंतवलेला नसतो. तो एका मूळ किल्लीने गुंतवलेला असतो, आणि ती किल्ली हेडरमध्ये पासवर्डच्या आवरणात ठेवलेली असते. पासवर्ड बदलला म्हणजे आवरण बदललं, आतली किल्ली तीच. जुनं हेडर बसवलं की जुना पासवर्ड पुन्हा चालतो. याची दुसरी बाजू मी त्या दुपारी प्रथमच नीट समजून घेतली. पासवर्ड कुणाला कळला असेल आणि त्या माणसाने जुन्या हेडरची किंवा पेटीची प्रत घेतलेली असेल, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. नवी पेटी करून सगळं त्यात हलवावं लागतं.

कुलूप कुठे उपयोगी नाही तेही माहीत असू द्या. पेटी उघडी असताना ती उघडीच असते. तुम्ही काम करताना एखादा घातक प्रोग्राम आत शिरला तर तो तुमच्याइतकंच वाचू शकतो. झाकण मिटून लॅपटॉप नुसता झोपवला तर किल्ली मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, राहते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की वीज गेल्यावरही मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकतो, आणि चिप गार केली तर आणखी बराच वेळ. घराबाहेर नेताना मी लॅपटॉप पूर्ण बंद करतो. आणि बॅकअप वेगळा लागतोच. डिस्क बिघडली तर एन्क्रिप्शन ती वाचवत नाही, उलट बिघडलेल्या डिस्कमधून काही उकरून काढणं आणखी अवघड होतं. तो बॅकअपही कुलपात हवा. लॅपटॉप कडीकुलपात आणि शेजारच्या खणात बाहेरची डिस्क उघडी, हे मी अनेक जाणत्या लोकांकडे पाहिलं आहे.

शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, पण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मला काही झालं तर ही हस्तलिखितं ज्यांची त्यांना परत कशी जाणार? त्यासाठी माझ्या ताईकडे एक बंद पाकीट आहे. त्यात बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी किल्ली (पिनशिवाय डिस्क उघडायची राखीव किल्ली), विंडोजचा पासवर्ड, पेटीचे सात शब्द आणि काय कोणत्या क्रमाने करायचं ते लिहिलेलं एक पान. पाकीट दिलं तेव्हा ताईने विचारलं, "मला जमेल का रे हे?" मला सांगता येईना. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही करून बघितलं. मी खोलीबाहेर बसलो, ती पाकीट आणि लॅपटॉप घेऊन आत.

ते ४८ आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. त्यामुळे गटातला एखादा आकडा चुकला तर तिथल्या तिथे कळतं. ताईचा पाचवा गट चुकला, तिने सातचा एक वाचला होता. मग मी त्या पानावर प्रत्येक सात मधून रेघ मारून नव्याने लिहून दिला. दुसऱ्या खेपेला विंडोज सुरू झालं. सात शब्द तिने एकेक करून मोठ्याने उच्चारत टाइप केले, ते मला दाराबाहेर ऐकू आले, म्हणून 'मनात म्हण' हेही त्या पानावर लिहिलं. पेटी उघडली. आत माणसांच्या नावांचे फोल्डर होते. ताईने नावं वाचली, एकही फोल्डर उघडला नाही, पेटी बंद केली आणि मला आत हाक मारली.