रव्यातलं पाखरू

पावसाळ्यात रव्याचा डबा उघडला की एखादं भुरकट पाखरू वाकडंतिकडं पळत झाकणाच्या कडेला दडतं. पोह्याएवढा जीव, पंखांवर ठिपका नाही की नक्षी नाही. हा तांदळावरचा पतंग, कोर्सिरा सेफॅलोनिका. भिंगातून डोकं पाहावं: पुढे चोचीसारखं टोक आलेलं असेल तर मादी. चोच असली तरी खाण्याशी संबंध नाही. याचं सगळं जेवण अळीपणीच उरकलेलं असतं.

खादाड ती अळी. मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची. खाता खाता रेशीम सोडते आणि रव्याचे गोळे होतात. 'जाळी धरली' म्हणतात ते हेच. गोळे चाळून निघतात, पण पुरी वाढलेली अळी कित्येकदा वर चढून झाकणाच्या खाचेत कोष विणून बसलेली असते. म्हणून नुसता रवा बदलून भागत नाही. खाच ब्रशने घासायची, डबा धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचा. रवा आणल्या आणल्या भाजून ठेवायची रीत उत्तमच, आतली अंडी मरतात; मात्र झाकण सैल असेल तर सगळी मेहनत वाया.

याच पाखराचे लाड बघायचे तर जैविक कीडनियंत्रणाच्या, म्हणजे किड्यांकडूनच कीड मारवून घेण्याच्या, प्रयोगशाळेत जावं. तिथे ते अंड्यांसाठी मुद्दाम वाढवतात. एका पेटीत अडीच किलो भरडलेली, तापवून निर्जंतुक केलेली ज्वारी, १०० ग्रॅम शेंगदाण्याचा भरडा, ५ ग्रॅम यीस्ट आणि वरून भुरभुरलेली अर्धा सीसी अंडी. हो, अंडी इथे सीसीत, म्हणजे घन सेंटिमीटरमध्ये मोजतात. एका सीसीत साधारण १६ ते १८ हजार. चाळीसेक दिवसांत पतंग निघू लागतात. ते गोळा करताना पंखांची भुकटी उडून घशात जाते, मास्क हवाच. ब्रॅकॉन नावाची इवलीशी गांधीलमाशी पेटीत शिरली तर अळ्या लुळ्या पाडते आणि अख्खी पैदास बुडते.

जमलेली अंडी डिंकाने कार्डावर चिकटवतात आणि अतिनील दिव्याखाली आतला गर्भ मारतात. ही पायरी चुकली तर अळ्या निघून शेजारची अंडी फस्त करतात. मग कार्डावरच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा सोडायची, मिलिमीटरभरही नसलेली माशी. तिने आत आपलं अंडं घातलं की तीन-चार दिवसांत कार्ड काळं पडतं. उसात खोडकिडीसाठी लावतात ते ट्रायकोकार्ड हेच; त्यातून निघालेल्या माश्या खोडकिडीच्या अंड्यांतही अशीच अंडी घालतात. त्याच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचाव्यात, आणि त्या आठवड्यात फवारणीचा पंप बाहेर काढू नये. कीटकनाशकाने किडीआधी या माश्याच मरतात.